सारा खेळ सुरुवातीच्या स्थितीचा

जॉन बेलचं १९६४ चं प्रमेय बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकतात: स्थानिक वास्तववादी मॉडेलमधून (मोजणीची उत्तरं आधीच ठरलेली असतात आणि एका जागची निवड दूरच्या उत्तरावर तत्काळ परिणाम करत नाही, असं मानणाऱ्या मॉडेलमधून) क्वांटम यांत्रिकीची सगळी भाकितं निघू शकत नाहीत. मला हे वाक्य अपुरं वाटतं. त्यात एक अट गाळलेली असते, आणि माझा जीव नेमका त्या अटीत अडकलाय.

आधी गणित बघू. एका उगमातून कणांची जोडी निघते. दोन्हीकडे एकेक शोधक, म्हणजे कण मोजणारं उपकरण. डावीकडे मोजणीचे दोन पर्याय, म्हणजे शोधक लावायचे दोन कोन, उजवीकडेही दोन. प्रत्येक मोजणीचं उत्तर १ किंवा −१. छुपं चल म्हणजे जोडीनं निघतानाच सोबत घेतलेली माहिती. तिच्यात चारही उत्तरं आधीच ठरलेली असतात. डावीकडची उत्तरं क आणि ख, उजवीकडची प आणि फ धरा, आणि क(प+फ) + ख(प−फ) ही राशी लिहा. प आणि फ सारखे असतील तर दुसरा कंस शून्य होतो, वेगळे असतील तर पहिला. उत्तर २ किंवा −२, तिसरं काही नाहीच! मग सरासरी २ च्या वर जाणार कशी? क्वांटम यांत्रिकी मात्र २√२, म्हणजे सुमारे २.८३ पर्यंत पोचते. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या इलेक्ट्रॉनांवर प्रयोग झाला, त्यात आकडा आला २.४२.

पण एकाच जोडीवर चारही मोजण्या कधी होत नाहीत. चार सरासऱ्या वेगवेगळ्या जोड्यांवरून काढून आपण त्या एकत्र करतो. कोन कुठलेही निवडले तरी छुप्या चलांचं वाटप, म्हणजे त्यांची कुठली किंमत किती वेळा येते ते, तेच राहतं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. गाळलेली अट ती हीच.

तिचं वजन मला पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिल्यावर कळलं. प्रत्येक जोडीला लॅम्डा नावाचा एक यादृच्छिक कोन दिला, तेच छुपं चल. शोधकाचा कोन लॅम्डापासून ९० अंशांच्या आत असेल तर १, नाहीतर −१. उजवीकडे चिन्ह उलटं. डावीकडे ० आणि ९० अंश, उजवीकडे ४५ आणि १३५. चिन्ह सोडलं तर आकडा २ वर येऊन थांबतो. मग एकच ओळ बदलली. लॅम्डा सगळ्या दिशांना सारखा न वाटता, डाव्या शोधकाचा कोन आणि लॅम्डा यांतल्या फरकाच्या कोसाइनच्या निरपेक्ष मूल्याच्या प्रमाणात वाटला. आकडा थेट २.८३! कागदावर संकलन (इंटिग्रेशन) केलं की क्वांटम यांत्रिकीचं सूत्र, दोन शोधकांच्या कोनांतल्या फरकाचं उणे कोसाइन, तंतोतंत मिळतं. शोधकांच्या नियमांना हातही लावलेला नाही. प्रत्येकाला अजूनही फक्त स्वतःचा कोन आणि लॅम्डा दिसतो. बदलली ती फक्त सुरुवातीची स्थिती.

आता खरा प्रश्न. डावीकडे कुठला कोन लागणार, हे जोडी निघतानाच उगमाला कसं ठाऊक? उगम आणि शोधक या दोन्हींचा भूतकाळ सामाईक आहे, म्हणून, असं अतिनियतिवादी, म्हणजे प्रयोगातली कोनाची निवडसुद्धा आधीच ठरलेली असते असं मानणारे, म्हणतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्वेसारांच्या (अतिदूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) प्रकाशावरून कोन ठरवले. त्यामुळे असा सामाईक दुवा निदान ७.८ अब्ज वर्षं मागे ढकलला गेला. पुसला मात्र गेला नाही, कारण विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे.

ही वाट बंद आहे असं मी म्हणणार नाही. डच भौतिकशास्त्रज्ञ गेरार्ट ट होफ्टसारखा माणूस ती गांभीर्यानं चालतोय. पण माझ्या प्रोग्रॅममधली ती ओळ मी हातानं घातली होती, उत्तर आधीच माहीत असल्यामुळे. तशी ओळ घालून कुठलाही सहसंबंध मिळवता येतो, अगदी निसर्गात कधीच न दिसलेला ४ हा आकडासुद्धा. म्हणून नवं स्थानिक मॉडेल हाती आलं की मी आधी लॅम्डाचं वाटप शोधतो आणि त्यात शोधकाचा कोन कुठून शिरला ते बघतो. तो एखाद्या गतिनियमातून आपोआप येत असेल, आणि तोच नियम २.८३ च्या पुढे जाऊ देत नसेल, तर ते मॉडेल मी रात्र जागून वाचेन.