एम्युलेटरने पोटात घातलेली चूक

बोर्डवर आकडा आला ३,३५,६४,४३२. यायला हवा होता १०,०००.

दुपारपर्यंत मी खुशीत होतो. आमचा मीटरची पॅकेटं वाचणारा सी मधला प्रोग्रॅम एका जुन्या एआरएम ९२६ प्रोसेसरच्या बोर्डवर चढवायचा होता. बोर्ड एकच आणि त्यावर डोळा ठेवून चौघं, म्हणून मी सगळं लॅपटॉपवरच उभं केलं होतं: क्रॉस कंपायलर (एका मशिनवर बसून दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बनवणारा), बोर्डच्या रूट फाइलसिस्टीमची, म्हणजे त्यावरच्या सगळ्या फाइलींची, अख्खी नक्कल आणि क्यूएमू या एम्युलेटरचा यूजर मोड, जो परक्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम आपल्या मशिनवर चालवतो. लिनक्सच्या बिनएफएमटी-मिस्कमध्ये, म्हणजे कोणती बायनरी कोणी चालवायची याच्या यादीत, एकदा नोंद करून ठेवली की एआरएमची बायनरी दिसताच कर्नल ती परस्पर क्यूएमूच्या हवाली करतो. मग त्या नकलेत सीएचरूट करून (हीच अख्खी फाइलसिस्टीम आहे असं भासवून) शिरायचं आणि इंटेलच्या मशिनवर एआरएमच्या टेस्ट चालवायच्या. हे चालताना बघून मला अजूनही गंमत वाटते.

सकाळी एकदा ठेच लागली होती. मी सवयीने हार्ड-फ्लोटवाला, म्हणजे दशांशाची गणितं हार्डवेअरवर सोपवणारा, कंपायलर उचलला. त्याच्या बायनरीला लागतो वेगळा डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा. या प्रोसेसरला फ्लोटिंग पॉइंट युनिटच नाही, त्यामुळे फाइलसिस्टीम सॉफ्ट-फ्लोटची आणि तो लोडर तिथे नाहीच. क्यूएमूने निदान लोडरचं नाव घेऊन सांगितलं. खऱ्या बोर्डवर शेल नुसतं 'अशी फाइल नाही' म्हणतो आणि माणूस समोर दिसणाऱ्या फाइलकडे बघत बसतो. कंपायलर बदलला, सगळ्या टेस्ट हिरव्या.

आणि संध्याकाळी बोर्डवर हा आकडा.

आधी केबलवर संशय घेतला. मग बॉड रेटवर, म्हणजे केबलवरून डेटा जाण्याच्या वेगावर. मग बाइट्स उलटे लागत असतील म्हणून एंडियनवर. पण आकडा दर वेळी तोच. केबल खराब असती तर इतक्या शिस्तीत चुकली नसती. शेजारी बसणाऱ्या हार्डवेअरच्या मॅडम थोडा वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, "दशमानात काय बघत बसलायस? हेक्समध्ये बघ."

हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या आधारावर लिहिल्यावर, तो होता ०२००२७१०. शेवटचे २७१० म्हणजे माझे १०,०००, धडधाकट. मग पुढे ०२ कुठून आला? पॅकेटचा पहिला बाइट त्याच्या प्रकाराचा, आणि तो होता २! डोक्यावर येऊन बसला होता.

पॅकेटात एक बाइट प्रकाराचा, त्याच्या लगेच पुढे चार बाइट्सची किंमत. म्हणजे किंमत चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर. कोडमध्ये त्या पत्त्यावर सरळ पॉइंटर कास्ट करून, म्हणजे 'इथे चार बाइट्सचा आकडा आहे असं समज' असं कंपायलरला सांगून, वाचलं होतं. एआरएमच्या सहाव्या आवृत्तीपासून असं वाचन चालतं, इंटेलवर तर कायमच चालत आलंय. हा प्रोसेसर पाचव्या आवृत्तीचा. तो खालचे दोन बिट सोडून जवळच्या सरळ (चारने भाग जाणाऱ्या) पत्त्यावरचे चार बाइट्स उचलतो आणि उरलेल्या अंतराइतके फिरवून हातात देतो. ना क्रॅश, ना तक्रार. क्यूएमू हे फिरवणं करतच नाही. तो एआरएमची सूचना इंटेलच्या सूचनेत बदलतो, आणि इंटेल वाकडा पत्ता बिनबोभाट वाचतं. माझ्या टेस्ट खऱ्या अर्थाने त्या प्रोसेसरवर कधी चाललेल्याच नव्हत्या.

"प्रोकमध्ये सीपीयूखाली अलाइनमेंटची फाइल बघितलीस का?" मॅडमनी विचारलं. प्रोक म्हणजे कर्नल स्वतःची माहिती जिथे फाइलींसारखी दाखवतो ती जागा, आणि अलाइनमेंट म्हणजे पत्ता सरळ की वाकडा. ती फाइल मी आजवर उघडलेलीही नव्हती. उघडली तर यूजर प्रोग्रॅमच्या वाकड्या वाचनांचा काउंटर पॅकेटागणिक चढत होता आणि शेजारी लिहिलं होतं: दुर्लक्षित. कर्नल मोजत होता, फक्त बोलत नव्हता. त्याच फाइलीत ४ लिहिलं, म्हणजे दुर्लक्ष न करता सिग्नल पाठव. प्रोग्रॅम बस एरर देऊन नेमका त्या कास्टच्या ओळीवर मेला. इतका हवाहवासा क्रॅश मी क्वचितच पाहिलाय.

२ लिहिलं असतं तर कर्नलने प्रत्येक वाचन स्वतः दुरुस्त करून दिलं असतं. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक पॅकेटमागे कर्नलची एक फेरी, आणि कोड तसाच वाकडा. कास्ट काढून मेमकॉपी घातली, जी बाइट्स एका जागेहून दुसरीकडे नुसते उतरवते. या प्रोसेसरसाठी कंपायलर तिचं बाइट-बाइटने वाचन करतो.

मग कंपायलरची कास्ट-अलाइनची वॉर्निंग (अशा कास्टवर बोट ठेवणारी) चालू करून अख्खा प्रोजेक्ट पुन्हा बिल्ड केला. आणखी अकरा जागा निघाल्या. चार माझ्याच होत्या.