डीपी मारली म्हणजे वेल्ड पास झाला असं नसतंय मालक

आमच्या सोलापुरात फॅब्रिकेशनचं काम कमी नाही, चिंचोळी एमआयडीसी घ्या नाहीतर अक्कलकोट रोड, शेड, ट्रॉल्या, टाक्या, साखर कारखान्यांचं स्ट्रक्चर, सीझनच्या आधी तर रात्रपाळ्या चालतात. आणि जवळपास सगळीकडं रीत एकच, काम संपवायचं, गाडी लोड व्हायच्या आदल्या दिवशी आमच्यासारख्या क्यूसीवाल्याला (म्हणजे काम तपासणाऱ्याला) फोन करायचा आणि म्हणायचं "मालक तेवढी डीपी मारून रिपोर्ट देऊन टाका की". देतो की, डीपी मारायला काय जातंय. पण ती डीपी काय सांगते आणि काय सांगत नाही हे एकदा बसून लिहावं म्हणलं.

डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट. जॉइंट साफ करायचा, लाल रंग मारायचा, किमान दहा मिनिटं थांबायचं, मग कापडानं रंग पुसून घ्यायचा (क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट जॉइंटवर फवारायचा नाही, नाहीतर भेगेतला रंगसुद्धा धुऊन निघतो, आणि निम्मी पोरं हेच करतात) आणि वरनं पांढरा डेव्हलपर. भेग असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पण ती भेग वर तोंड उघडून बसलेली असेल तरच. आत अडकलेली स्लॅग (वेल्डची राख-कीट), रूटला म्हणजे जॉइंटच्या तळाला न वितळलेली प्लेट, आतली पोकळी, यातलं डीपीला काहीच दिसत नाही. त्यासाठी यूटी (अल्ट्रासोनिक, ध्वनिलहरींची तपासणी) नाहीतर रेडिओग्राफी (एक्स-रेसारखा फोटो) लागते.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. साध्या पेनिट्रंटची नेहमीची मर्यादा 5 ते 52 डिग्री, ती हवेची नव्हे, लोखंडाच्या अंगाची. मे महिन्यात यार्डात उन्हात पडलेल्या प्लेटला दुपारी हात लावून बघा म्हणजे कळेल. त्यावर रंग मारला की मारल्या मारल्या वाळतो, भेगेत मुरतच नाही, जॉइंट एकदम स्वच्छ दिसतो आणि सगळे खूश. म्हणून मी दुपारी डीपी करतच नाही, सकाळी लवकर नाहीतर शेडच्या आत.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. वेल्ड बघायचा तो आर्क पेटायच्या आधी.

उदाहरण सांगतो. कॉलमला गसेट प्लेट (सांध्याला जोड देणारी प्लेट) लावायची होती, कटिंग कमी पडलेलं, मधे बोट जाईल एवढी फट. आता खरं तर प्लेट बदलायला पाहिजे, पण प्लेट बदलली तर दिवस जातो, म्हणून फटीत सळईचा तुकडा ठोकायचा आणि वरनं वेल्डचे दोन थर ओढायचे. वरनं काय दिसतं? एकसारखे लहरी पडलेला, नाण्यांची चळत आडवी केल्यासारखा झकास वेल्ड. डीपी मारा, पास. गेज लावा, साइज बरोबर. आत सळई नुसती बसलेली, प्लेटला धरलेलीच नाही. सगळा भार त्या वरच्या सालीवर. हे पकडायचं तर टाके (फुल वेल्डिंगच्या आधी प्लेट जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारले त्या वेळीच तिथं टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस पाहिजे, नंतर ग्राइंडरनं उकरल्याशिवाय कळत नाही, आणि उकरू कोण देतंय.

दुसरं वेल्डिंग रॉडचं. 6013 चा रॉड सोपा, कुणीही चालवतो, गेट-ग्रीलला उत्तम. जाड प्लेट, भार घेणारा जॉइंट असला की ड्रॉइंगवर 7018 लिहिलेला असतो, तो लो हायड्रोजन. त्याचं पाकीट फोडून टेबलावर ठेवलं की कोटिंग हवेतली ओल ओढतं, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि गार झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, शेजारच्या लोखंडाला चीर पडते. म्हणून तर जाड आणि हाय स्ट्रेंथ कामात 48 तास थांबून तपासणी करायला सांगतात. उघडा रॉड ओव्हनमध्ये भाजून घ्यायचा, साधारण 300-350 डिग्रीला तास-दोन तास, नेमकं पाकिटावर छापलेलं असतंय. आमच्याकडं यावर ठरलेलं उत्तर, "आपल्या सोलापुरात पाऊसच कुठंय ओ, ओल कुठली आली". अहो सप्टेंबरात या की, मग दाखवतो. आणि हां, ओव्हन आहे म्हणून 6013 पण एवढा भाजू नका, त्याच्या कोटिंगला थोडी ओल लागतेच, जास्त भाजला तर आर्कच नीट चालत नाही.

सीओटू वेल्डिंगवाल्यांची आणखी एक गंमत. उन्हाळ्यात वेल्डरच्या पाठीमागं हा मोठा फॅन लावलेला. माणसाला हवा पाहिजेच, बेचाळीस डिग्रीत जाकीट घालून बसतोय बिचारा. पण तोच वारा वेल्डला हवेपासून झाकणारा गॅस उडवून लावतो आणि वेल्डला भोकंच भोकं पडतात. मग मशीनला शिव्या, वायरला शिव्या, सिलिंडरवाल्याला फोन. फॅन फिरवा जरा, वारा माणसाच्या अंगावर जाऊ दे, आर्कवर नको, मधे पत्र्याचा आडोसा उभा केला तरी भागतंय.

"जास्त भरलं की जास्त मजबूत" हा पण एक आवडता समज. ड्रॉइंगवर 6 मिमी फिलेट (दोन प्लेटच्या कोपऱ्यातला तिकोनी वेल्ड) असताना 8 चा ओढला तर ताकद वाढते साधारण एक तृतीयांश, पण माल जातो पाऊणपट जास्त, कारण वेल्डचं क्षेत्रफळ पायाच्या, म्हणजे त्या 6-8 मिमी साइजच्या वर्गानं वाढतं, 36 ला 64. वर उष्णता जास्त, प्लेट ओढली जाते, फ्लँज वाकतो, मग तो सरळ करायला परत गॅस कटर आणि घण. पैसे मालकाचेच जातात आणि मालकच म्हणतो भर अजून.

वाकड्या फिटिंगपेक्षा मला जास्त राग येतो तो पुट्टी आणि रेड ऑक्साइडचा. मी पोचायच्या आधी जॉइंट रंगवून ठेवलेले. कडेला अंडरकट म्हणजे खाच पडलेली असते, नख फिरवलं तरी लागते, त्यात पुट्टी भरून वरनं प्रायमर. आता मी अशा ठिकाणी वायर ब्रश काढतो आणि आधी रंग घासायला लावतो, पोरं तोंडं वाकडी करतात, "काय बे, आत्ताच मारलाय की रंग". असू दे.

तुम्ही कुणी शेड बांधून घेत असाल तर रिपोर्टची फाइल नंतर मागा, आधी फॅब्रिकेटरला एवढंच सांगा की टाके मारून झाले की फोन कर, मी बघून गेल्यावर फुल वेल्डिंग, आणि प्रायमर तपासणी झाल्यावरच. रेटमध्ये थोडं वाढवून मागेल, तेवढे द्या.