आडनाव नसलेली नोंद

महामार्गाच्या चौपदरीकरणात मी तलाठी असलेल्या सजातला जमिनीचा एक गट गेला आणि त्याचा मोबदला घ्यायला कोणी पुढे येईना. सातबाऱ्यावरचा खातेदार १९६१ साली वारलेला. नावापुढे 'ए.कु.पु.', म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी, आणि त्यानंतर वारसनोंदच नाही. प्रांत ऑफिसातून पत्र आलं, वारस तपास करून अहवाल द्या. आडनाव इथे लिहीत नाही, गाव लगेच ओळखू येईल.

वाडीत जबाब घेतले. सगळ्यांचं एकच, "त्यांच्यात आता कोन ऱ्हायला नाय, भाऊसाहेब. निर्वंश झाला." तसा अहवाल पाठवून मोकळं होता आलं असतं. पण शिमगा चार दिवसांवर होता, म्हटलं तो होऊ दे.

त्या दिवशी पालखी वाडीत फिरत असताना मी मागे होतो. वाटेत एक पडकं जोतं लागलं, वर करवंदीची जाळी. पालखी तिथे थांबली. एका आजीने पुढे होऊन ओटी भरली, नारळ ठेवला. घर नाही, माणूस नाही, मग हा नारळ कोणाचा?

"मुंबैवाल्यांचा. दरवर्साला पैसं धाडतात."

देवस्थानच्या पावतीपुस्तकात बघितलं तर वर्गणी होती, पण भलत्याच आडनावाने: गावाच्या नावाला 'कर' जोडलेलं. खातेदाराचा मुलगा तरुणपणी गिरणीत लागला, तेव्हा मस्टरवर गावावरून नाव चढलं आणि पुढे शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत तेच चाललं. लालबाग-परळच्या चाळींत अशी कितीतरी घराणी आहेत. वाडीतले पुरुष खोटं बोलले नव्हते. त्या आडनावाचं खरंच कोणी उरलं नव्हतं.

आजींनी आणखीही सांगितलं. खातेदाराला दोन मुली होत्या, एक चिपळूणकडे दिलेली, दुसरी देवरुखला. एकाही पुरुषाच्या जबाबात मुलींचा उल्लेख नव्हता. वंशावळ विचारायची तर आधी गावातल्या बायकांना विचारावी, असं माझं आजवरचं मत.

गावाच्या मुंबईतल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांमार्फत खातेदाराचे नातू आले. सत्तरी ओलांडलेले, १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत वडिलांचं हजेरी कार्ड, स्वतःचा दाखला, सगळं 'कर'. सातबाऱ्याचं आडनाव कशावरही नाही. माणूस खरा, पण कागद जुळेना.

जुळला तो तहसीलच्या अभिलेख कक्षात, कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत. कडा झिजलेली पानं, मोडीतल्या नोंदी. मोडी वाचणाऱ्यांनी १९१९ च्या पानावर बोट ठेवलं: मुलगा झाला, बापाचं नाव अमुक, आज्याचं नाव अमुक, जात, वाडी. आडनावाचा पत्ताच नाही! बाप, आजा आणि वाडी तिन्ही जुळत होतं आणि ज्या आडनावावर सगळी अडचण होती त्याची तिथे गरजच पडली नव्हती.

नातू म्हणाले, "आत्यांची नावं कशाला? त्यांनी हक्क सोडलाय." नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हटल्यावर गप्प बसले. खातेदार १९५६ च्या वारसा कायद्यानंतर वारलेला, त्यामुळे मुलींचा हिस्सा टाळता येत नव्हता. आत्यांची नातवंडं सापडायला मुळीच वेळ लागला नाही. देवरुखच्या घरी तर आजोळच्या जमिनीचा विषय जेवणात नेहमीचा होता, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, धरताना नातवांनी एकच आग्रह धरला, आजोबांचं आडनाव लावा. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून तसं लावलं, नोटिसा काढल्या. पंधरा दिवसांच्या मुदतीत हरकत आली ती त्यांच्याच धाकट्या मुलाची: "आमच्या आधारला आणि बँकेत हे आडनाव नाही, पैसे जमा कसे होणार?"

बापलेकांची माझ्या टेबलापुढे चांगलीच जुंपली. नोंद विवादग्रस्त रजिस्टरला गेली. शेवटी महसूल खात्याच्या मंडळ अधिकाऱ्यांनी दोन्ही आडनावं, मध्ये 'ऊर्फ' घालून, प्रमाणित केली.