जुनाच का?

मंगळवार, रात्री साडेअकरा

फोन ठेवून दोन तास झाले. ताईच्या मनूला लॅपटॉप वापरलेला घे म्हटलं, तर "मावशी, जुनाच का गं?" एवढंच ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. मी लगेच प्रोसेसरची पिढी समजावायला घेतली. ती "हं, हं" करत राहिली. मग ताईने फोन घेतला आणि पाणी दोन दिवस येणार नाही वगैरे बोलत बसली.

तेव्हापासून ते तीन शब्द डोक्यातून जात नाहीत. तिने विचारलं एक आणि मी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं.

रक्कम २२,०००. ती कशी जमली ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. तिचा प्रवास बदलापूर ते दादर, रोज लोकलमध्ये उभ्याने, सॅक पाठीवरून पुढे घेऊन. म्हणजे मशीन लहान हवं, चार्जर धरून दीड किलोच्या आसपास. टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, चालायला हवं, एक्सेल हवं, मराठी टायपिंग हवं. आणि तीन वर्षं तरी टिकायला हवं, कारण एवढे पैसे पुन्हा लवकर उभे राहणार नाहीत.

तिने दुकानात पाहून ठेवलेला नवाकोरा होता. ११.६ इंच, वजन किलोभर, २०,९९० रुपये, वर बॅग. फोटो पाठवला होता. मी दहा मिनिटांत नको म्हटलं. नको म्हणायला मला कारणं होती, आणि ती खरी होती. तरी ते दहा मिनिटांत म्हणायला नको होतं.

कारणं पुन्हा लिहून काढते, मलाच पटतायत का ते बघायला.

त्यात ४ जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, मदरबोर्डावर सोल्डर केलेली. म्हणजे आज कमी पडली तर उद्याही कमीच, वाढवायची सोयच नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते ती नुसतं सुरू होण्यापुरती. ब्राउझरचे पाच-सहा टॅब, त्यावर एक्सेल आणि टॅली उघडलं की रॅम संपते आणि मशीन डिस्कवर लिहायला लागतं. आणि डिस्क कसली, तर ६४ जीबी ईएमएमसी. वेगवान एसएसडी नव्हे, मोबाइलमधल्या स्वस्त मेमरीच्या जातीची चिप, तीही सोल्डर केलेली. ६४ जीबी विंडोजच्या हिशोबात ५८-५९ दिसते, त्यातली निम्मी विंडोज आणि त्याचे अपडेटच खातात. वर्षभराने मोठा अपडेट येतो, जागा नाही म्हणून अडकतो, आणि मग मुलं फोटो, नोट्स, जे दिसेल ते पुसत बसतात. प्रोसेसर सेलेरॉन एन४०२०, दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोनच हात. कागदावर "नवीन", पण पहिल्या दिवसापासून दमलेलं मशीन.

क्रोमबुकचा, म्हणजे विंडोज नसलेल्या स्वस्त लॅपटॉपचा, विचार केला होता, टॅलीपाशी संपला. टॅली विंडोजवर चालतं.

हे सगळं बरोबरच आहे. मग मला का लागावं? कारण "जुनाच का" हा प्रश्न रॅमचा नव्हता. तिची सायकल कुणाची होती, दहावीची पुस्तकं कुठून आली, तो हिरवा ड्रेस... जाऊ दे. लॅपटॉप ही पहिली वस्तू होती जिचा खोका ती स्वतः उघडणार होती, आणि तो खोका मी काढून घेतला.

आणि दर वेळी मीच का? नात्यातल्या कुणालाही काही घ्यायचं असलं की फोन मला. पैसे सांगतात, गरजा सांगतात, आणि "या पैशात हे बसत नाही" हे वाक्य माझ्या तोंडून निघतं. मग रुसवा माझ्यावर. ताईने तरी आधी सांगून ठेवायचं होतं. आज फार वाईट वाटलं, इतकंच.

(पाणी पिऊन आले.)

२००७ साली असूसचा ईई पीसी ७०१ हा छोटा लॅपटॉप आला होता. ७ इंची पडदा, ८०० बाय ४८०, ४ जीबीची डिस्क, वजन किलोच्याही आत. लहान आणि स्वस्त या दोन गोष्टी तेव्हा एका डब्यात आल्या. वर्षभरात ॲटम प्रोसेसरवाल्या नेटबुकांची, म्हणजे अशाच छोट्या लॅपटॉपांची, रांग लागली. पण ती सगळी मशीनं हळू होती, आणि हळूपणामुळेही मागे पडली. पुढे लहान मशीन चांगलं झालं ते महाग होऊन. आज दुकानात कमी पैशांतला बरा नवा लॅपटॉप मागितला तर पंधरा इंचीच पुढे येतो, पावणेदोन किलोचा. बारा-तेरा इंची चांगली मशीनं कंपन्या आपल्या फिरतीच्या माणसांसाठी घेतात, तीन-चार वर्षांनी लॉटमध्ये काढून टाकतात. लहान, चांगलं आणि २२,००० च्या आत, या तिन्ही अटी एकत्र बसतात त्या फक्त तिथे. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर हे होतं. पैसे कमी म्हणून जुना नाही. तिला हवा तसा लहान लॅपटॉप त्या लोकांसाठी बनला होता, आणि त्यांचा वापरून झाला की आपल्याला परवडतो.

हे फोनवर सुचलं नाही. तेव्हा मी "आठवी पिढी, आठवी पिढी" करत होते.

आठव्या पिढीचा हट्ट मात्र सोडायचा नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या खाली विंडोज ११ ला अधिकृत मान्यता नाही. दुकानदार सातव्या पिढीवरही ११ घालून देतात. ते चालतं, पण पुढचा अपडेट मिळेल याची खात्री नाही. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. आय५-७२००यू मध्ये दोन कोअर आहेत, आय५-८२५०यू मध्ये चार. पिढी एकच पुढची, कोअर दुप्पट. दुकानात किमतीत फार फरक नसतो, म्हणून प्रोसेसरच्या नावात आय५ नंतरचा पहिला आकडा ८ आहे का ते स्टिकरवर नाही, मशीनच्या सेटिंगमध्ये बघायचं. स्टिकर कुणीही चिकटवतं.

तिच्यासाठी तीन नावं काढलीत. डेलचा लॅटिट्यूड ७२९०, १२.५ इंच, साधारण १.२ किलो, रॅम बसवायला एकच स्लॉट, म्हणजे खाच. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स२८०, तेवढाच लहान, पण रॅम सोल्डर केलेली, तेव्हा ८ जीबीवाला असेल तरच हात लावायचा. एचपीचा एलिटबुक ८३० जी५, १३.३ इंच, सव्वा किलोच्या थोडा वर, रॅमला दोन स्लॉट. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पहिल्याचा भाव १८,५०० सांगितलाय, ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडीसह. उरलेले ३,५०० बॅटरीसाठी बाजूला ठेवायचे, बॅगेसाठी नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे "४ वाला घे, नंतर वाढव" हा जुना सल्ला आता देत नाही.

की-बोर्डाबद्दल मात्र तिच्याशी बोलायलाच हवं होतं, ते राहिलं. मनू इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या की-बोर्ड मांडणीवर, टाइप करते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. लहान लॅपटॉप बनवताना जागा कुठे वाचवतात, तर उजव्या कडेला. एंटरच्या अलीकडची बटणं अरुंद करतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण तिथे कंस आणि विरामचिन्हं असतात. आपल्याकडे तिथे अर्धविरामावर च, अवतरणचिन्हावर ट, चौकटी कंसावर ड, आणि उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर ॉ. शिफ्टबरोबर छ, ठ, ढ, ऑ. म्हणून दुकानात गेलं की "डॉक्टर" हा एक शब्द दहा वेळा टाइप करून बघायचा. ड, ॉ, ट तिन्ही त्याच कडेची बटणं. करंगळी चुकली तर त्या मशीनवर रोज चुकणार. मग "ठाणे", "छत्री", "ऑफिस". उजवी शिफ्ट आखूड असेल तर डावीने काम भागतं, पण ट-ड अरुंद असले तर उपाय नाही. तो गुलाबीसर ११.६ वाला इथेही मार खाणार होता. आधी हे सांगितलं असतं तर तिने स्वतःच त्याला नको म्हटलं असतं.

स्वतः म्हणायला मिळालं असतं. बहुतेक तेच.

शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. ग्रँट रोडला उतरून चालत. काय काय बघायचं ते तिच्या हातात द्यायचं, मी मागे उभी राहीन.

आधी मशीन बंद असताना सपाट काचेवर ठेवायचं. डोललं, किंवा टचपॅड वर आलेला आणि दाबायला कडक असला, तर आत बॅटरी फुगलीय. पुढे काही बघायचंच नाही, दुसरं मागायचं. मग सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जायचं, लॅटिट्यूडला एफ२, थिंकपॅडला एफ१, एलिटबुकला एफ१०. पासवर्ड मागितला तर परत. सिरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळतो का. बायोसमध्ये काँप्युट्रेस नावाची चोरीविरोधी सोय चालू दिसली तरी परत. मग आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन विंडोज रिसेट करायला लावायचं. दुकानदार कुरकुरेल, अर्धा-पाऊण तास जातो. पण मशीन आधीच्या कंपनीच्या नोंदीत अडकलेलं असेल तर सेटअपमध्येच त्या कंपनीचं लॉगिन मागतं. आज दिसलं नाही तर सहा महिन्यांनी दिसेल, परीक्षेच्या आदल्या दिवशी.

बॅटरीचा हिशोब तिला शिकवायचा, आकड्यांत ती माझ्याहून तेज आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, "पॉवरसीएफजी", मग जागा सोडून "/बॅटरीरिपोर्ट", अर्थात इंग्रजी अक्षरांत. जी फाइल तयार होते तिच्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता दिसते. ७२९० ला मोठी बॅटरी ६० वॅट-अवरची, छोटी ४२ ची. समजा ६० ची ३९ उरलीय, म्हणजे ६५ टक्के. साधं काम करताना मशीन ७-८ वॅट खातं, म्हणजे पाच तासांच्या आसपास. चालेल. पण अहवालात दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि चार्जिंगच्या फेऱ्या शून्य दिसल्या तर विश्वास ठेवायचा नाही, बॅटरी नकली असू शकते. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ लावायचा. दहा टक्क्यांच्या आसपास उतरली तर ठीक. पंचवीस उतरली तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे.

चार्जर अस्सल हवा. काही मशीनं चार्जर ओळखतात, परका लावला तर बॅटरी भरत नाहीत आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू चालवतात. माणूस समजतो मशीनच खराब. टाइप-सीवर चार्ज होणारं असेल तर ४५ किंवा ६५ वॅटचा पीडी, म्हणजे टाइप-सीचा जास्त ताकदीचा, चार्जर चालतो, मोबाइलचा लहान चार्जर नाही. जाडा विटेसारखा चार्जर तीनशे ग्रॅमपर्यंत जातो, लोकलमध्ये तेही जाणवतं.

पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो नेते आहे, एसएसडी किती तास चाललीय आणि किती तब्येत उरलीय ते कळायला. पडदा १९२० बाय १०८० आयपीएसच मागायचा. १३६६ बाय ७६८ वाला स्वस्त पडतो, पण मान जरा हलली की रंग उलटतात, आणि टॅलीच्या ओळीही कमी मावतात. पांढरं चित्र आणि काळं चित्र पूर्ण पडदाभर लावून डाग आहेत का बघायचं. सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक. विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं. बिल सिरियल नंबरासह, जीएसटीचं. वॉरंटीत बॅटरी आणि चार्जर बहुधा नसतात, ते आधी विचारून घ्यायचं, भांडण नको.

एवढं लिहून झाल्यावर थोडं शांत वाटतंय. नको म्हटल्याचं वाईट वाटायचं थांबलेलं नाही, थांबेल असंही वाटत नाही. पण तिला नवा घेऊ दिला असता तर सहा महिन्यांनी तो उघडताना तिने काहीच विचारलं नसतं, आणि ते मला जास्त लागलं असतं. नव्याचा खोका मी देऊ शकत नाही. हे मशीन मी माझ्या हाताने उघडून, पंख्यातली धूळ काढून, प्रोसेसरवरची उष्णता पुढे नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावून देऊ शकते. रविवारी तेच करायचं. तिलाही शेजारी बसवायचं, मागचे स्क्रू तिलाच काढू द्यायचे.

१२.१०. आत्ता तिचा मेसेज आला. "मावशी, झोपलीस का? त्याच्या की-बोर्डात लाइट असतो का? रात्री दिवा बंद ठेवून करता येईल का?"

त्या एका खोलीत चौघं झोपतात. हे मला सुचायला हवं होतं.

लिहिलं तिला की काहींना असतो, काहींना नसतो, एकाच मॉडेलमध्येही दोन्ही येतात. थिंकपॅडला स्पेसबारवर दिव्याची खूण असते, एफएन धरून स्पेसबार दाबायचा. बाकीच्यांना वरच्या ओळीत कुठेतरी. खूण असली तरी दाबून बघायचं, आणि दुकानदाराला दोन मिनिटं ट्यूबलाइट बंद करायला सांगायचं.

"मी सांगू त्यांना?" तिने विचारलं.

तूच सांग, म्हटलं.