ब्लॅक घोस्ट नाइफ आणि नागपूरचा उन्हाळा : मार्च ते जुलैची नोंद

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा आपला काळू, म्हणजे माझा ब्लॅक घोस्ट नाइफ मासा, सात इंचाचा होता, आता साडेनऊ झाला. टँक तोच, चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठापर्यंत भरला तर अडीचशे लिटर, पण वाळू, लाकूड नि वरची रिकामी जागा सोडली तर सव्वादोनशे धरा. सोबत सहा काँगो टेट्रा आणि एक ब्रिसलनोज प्लेको, तेही मासेच. दुसरा नाइफ नाही आणि ठेवणारही नाही, का ते खाली येतंच.

या वेळी सगळं तापमानावरच लिहून राह्यलो. कारण ज्यांनी ज्यांनी नागपुरात नाइफ ठेवला त्यातल्या बहुतेकांचा मासा मे-जूनमध्येच गेला, आणि प्रत्येक जण म्हणतो "कायतरी रोग आला." माझाही जाता जाता राह्यला. रोग आला हे खरं, पण तो येण्याआधी काय झालं ते नोंदवहीत लिहून ठेवलं होतं म्हणून आता नीट सांगता येते.

१६ मार्च

पाणी २७ डिग्री. आज खूप दिवसांपासून मनात होतं ते करून पाहिलं. ब्लॅक घोस्ट सतत वीज सोडतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे इलेक्ट्रिक ईलसारखा झटका नाही, अगदी बारीक, हाताला जाणवतही नाही, पण जन्मापासून मरेपर्यंत एक क्षण न थांबता, झोपेतही. सेकंदाला साधारण हजार वेळा. त्या विजेच्या जाळ्यात अळी आली, दगड आला, काच आली की त्याला कातडीवर कळते, म्हणून तर अंधारात मागे पोहतानासुद्धा तो लपायला ठेवलेल्या पाइपाच्या तोंडात बरोबर शिरतो. मग हजार वेळा म्हणजे तो आवाजच झाला ना, फक्त स्पीकरला जोडायला पाहिजे. भाच्याकडे गिटारचा छोटा अँप आहे, सेलवर चालणारा. एक जुनी वायर कापली, दोन्ही टोकं सोलली, एक टोक त्याच्या पाइपाच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला, वीतभर अंतर ठेवून पाण्यात सोडली आणि अँप सुरू केला.

तुम्हाला काय सांगू. घर भरून एक सूर. हलत नाही, थरथरत नाही, तानपुऱ्यापेक्षा स्थिर. आई आतून आली, ती भजनी मंडळात पेटी वाजवते, ऐकून उभीच राह्यली आणि म्हणाली "हा तर काळी पाच लागला रे." पेटी काढून लावून पाहिला, खरंच काळी पाच, वरच्या सप्तकातला. मोबाइलवरच्या ट्यूनरने सेकंदाला ९३० च्या आसपास दाखवलं. दीड वर्ष जो मासा मी मुका समजून सांभाळला तो इतके दिवस गाऊन राह्यला होता, त्या रात्री मला झोप नाही आली.

करून पाहायचं असेल तर एकच गोष्ट पक्की ठेवा, अँप सेलवरचाच पाहिजे, चार्जर किंवा अ‍ॅडाप्टर लावून पाण्यात वायर अजिबात टाकू नका. आणि टँकचा हीटर-पंप दोन मिनिटं बंद करा, नाहीतर घरातल्या लाइनचा घुंईं आवाजच जास्त येतो.

दोन नाइफ का नको ते इथेच समजते. दोघांचे सूर जवळजवळ आले की एकमेकांच्या जाळ्यात गोंधळ होतो, मग एक जण आपला सूर वर सरकवून घेतो. नदीत हे जमते, तिथे दूर जायला जागा आहे. चार फुटांत ते भांडतात, आणि भांडणात शेपटी जाते. शेपटी परत उगवते, पाठीच्या कण्यासकट उगवते, पण वीज सोडणारा अवयव त्याच भागात आहे, त्यामुळे तोवर त्याचे हाल होतात.

११ एप्रिल

कूलर अजून बसवायचा होता. दुपारी चारला पाणी ३०.५. सहज वायर टाकून पाहिली तर सूर चढलेला! आई म्हणाली "पांढरी एक," ट्यूनर १०४५ च्या जवळ. पहिल्यांदा वाटलं माझंच काही चुकलं, पण रात्री पाणी उतरलं तसा सूर उतरला. पाणी तापलं की त्याच्या शरीरातलं सगळंच घाईने चालते, वीजही. मासा थंड रक्ताचा हे शाळेत पाठ केलं होतं, पण कानाने ऐकलं तेव्हा डोक्यात शिरलं. त्याला प्रत्येक गोष्टीला जास्त ऑक्सिजन लागून राह्यला आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी. २५ डिग्रीला पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम दर लिटर मावते, ३३ ला सातच्या थोडं वर. त्यात खाली साचलेली घाण कुजायलाही ऑक्सिजन खाते. आणि आपल्याकडचं पाणी पीएच आठ, अशा तापलेल्या पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो.

काळू फिल्टरच्या धारेखाली येऊन कल्ले जोरात हलवून राह्यला होता. दिवसा पाइप सोडून बाहेर आलेला नाइफ दिसला की "अरे वा, माणसाळला" असं समजू नका, आधी थर्मामीटर पहा.

२६ एप्रिल, माझी चूक

पाणी ३२.८. घाबरलो आणि फ्रिजरमधल्या दोन लिटरच्या दोन बाटल्या बर्फ करून टँकमध्ये सोडल्या. तासाभरात पाणी दीड-दोन डिग्रीनं उतरलं, मी खुश. बर्फ संपला, पाणी परत ३२. रात्री परत बाटल्या. असं तीन दिवस केलं, म्हणजे माशाला दिवसातून दोनदा उन्हाळा-हिवाळा दाखवला. त्यात दोन आठवड्यांआधी टेट्रा आणले होते ते वेगळे न ठेवता सरळ याच टँकमध्ये सोडलेले, तीही माझीच घाई.

३० तारखेला सकाळी टॉर्च मारला तर काळ्या अंगावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे. इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग. काळ्या माशावर ते इतके लख्ख दिसतात की पोटात गोळाच आला.

आता इथे सगळे चुकतात म्हणून सविस्तर लिहितो. ब्लॅक घोस्टचे खवले इतके बारीक असतात की कातडी उघडीच धरा, औषध सरळ आत जाते. बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस द्यायचा नाही. मी मॅलाकाइट ग्रीनवालं औषध अर्ध्या डोसने दिलं, मीठ आणि कॉपर टाकलंच नाही. कॅनिस्टर फिल्टरमधला कार्बन आधी काढला, नाहीतर औषध कार्बनच पिऊन टाकते. लाइट बंद, टँकला चादर. तापमान ३० ला स्थिर, त्यासाठी हीटरची गरजच नव्हती, नागपूरनेच काम केलं, मी फक्त दुपारी वर जाऊ दिलं नाही. अंगावर जो दाणा दिसतो त्यावर औषध चालत नाही, तो दाणा गळून तळाशी पडतो, फुटतो आणि त्यातून पोहत सुटणारी पिल्लं औषधाने मरतात, म्हणून दाणे गेले दिसले की औषध थांबवायचं नाही. मी एक दिवसाआड पाव पाणी बदलून, तळ सायफन करून, बदललेल्या पाण्यापुरतं औषध परत टाकून बारा दिवस चालवलं. एअर स्टोन दोन, रात्रंदिवस.

पाच दिवस त्याने काही खाल्लं नाही. सहाव्या रात्री गांडुळाचा तुकडा चिमटीत धरून पाइपाच्या तोंडाशी नेला आणि त्याने ओढून घेतला. मी आईला उठवून सांगितलं.

मे

मग कायमचा उपाय केला. कूलर लावला की हॉल ३१-३२ ला येतो आणि पाणी ३०.५ वर अडकते. झाकणात मागच्या बाजूला कॉम्प्युटरमधले चार इंची पंखे बसवले, दोन, बारा व्होल्टचे, वारा पाण्यावर तिरका लागेल असे. पाणी २८.५ वर आलं आणि तिथेच राह्यलं. बर्फासारखं खाली-वर नाही. कूलर जसा काम करते तसंच हे, पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, आणि आपल्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी की यासारखी जागा नाही. मुंबईवाल्यांना हे जमत नाही, त्यांना चिलरचाच खर्च. फक्त कूलरच्या वाऱ्यात ओल असते म्हणून त्याचा झोत सरळ टँककडे ठेवू नका आणि एक खिडकी उघडी असू द्या, पंखे जास्त चांगले काम करतात.

आता त्याची दुसरी बाजू. रोज सहा-सात लिटर पाणी उडते. ते नळाच्या पाण्याने भरत गेलो तर पाणी उडते पण क्षार मागे राहतात. आपल्या कूलरच्या जाळीवर एका सिझनमध्ये पांढरा थर बसतो ना, तेच टँकमध्ये होते. टीडीएस २८० चा ४१० झाला तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून उडालेलं पाणी भरायला आरओचं, आणि आठवड्याच्या पाणीबदलाला नळाचंच, एक रात्र ड्रममध्ये ठेवून, अँटिक्लोरीन टाकून. आणि हो, ड्रम गच्चीवर ठेवू नका, गच्चीवरचं पाणी मेमध्ये हात भाजेल इतकं तापते. माझा ड्रम आता मोरीत आहे.

२८ मे, नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस)

दुपारी दीडला लाइन गेली, ट्रान्सफॉर्मरचा काही घोळ होता, पाच वाजेपर्यंत आली नाही. बाहेर ४५ च्या वर. इन्व्हर्टरवर मी कॅनिस्टर टाकलेला नाही, त्यावर फक्त स्पंज फिल्टरचा एअर पंप आणि दोन पंखे, तिघं मिळून एका बल्बाएवढीही वीज खात नाहीत. साडेतीन तासांत पाणी २८.५ चं ३०, बस. काळू पाइपात आडवा पडून होता, नवीन लोकांसाठी सांगतो, आडवं पडणं ही त्याची झोप आहे, मेला समजून काठीने डिवचू नका, कल्ले हळू चालत असतील तर निवांत असते.

कॅनिस्टर बंद पडून दोन-तीन तास झाले असतील तर लाइन आली की सरळ सुरू करायचा नाही. आतले घाण पचवणारे जिवाणू ऑक्सिजनवाचून मरायला लागतात आणि ते सडकं पाणी टँकमध्ये येते. मी आधी आतलं पाणी बादलीत ओतून, मीडिया, म्हणजे ज्यावर हे जिवाणू राहतात तो आतला भरणा, टँकच्याच पाण्यात खळबळून मग लावला. रात्री अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

खाण्याबद्दल थोडं

दिवसातून एकदाच, लाइट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने. फ्रोजन ब्लडवर्म, बाजारातून आणलेले झिंगे सोलून बारीक कापून, आणि गांडूळ. गांडुळखताच्या बेडमधले असतील तर दोन दिवस ओल्या कापडात ठेवून पोट रिकामं होऊ द्या. जिवंत ट्युबिफेक्स किडे मी बंद केले, ते कोणत्या नालीतून येतात काय माहीत. उन्हाळ्यात भूक वाढल्यासारखी दिसते, पण वाढवून टाकू नका, पाण्यावरच भार येतो.

एका मित्राने विचारलं होतं म्हणून, क्लाउन नाइफ हा वेगळाच प्रकार आहे. तो मेकाँगकडचा, आपल्या नद्यांतल्या चितळा माशाचा भाऊबंद, आणि आपला ब्लॅक घोस्ट दक्षिण अमेरिकेतला. नातं काही नाही, पोटाखालच्या लांब पराने लहरी काढत पोहायची रीत मात्र दोघांना सापडली म्हणून अंग सारखं दिसते. दुकानात तीन इंचाचा क्लाउन बघून मोह होतो, पण तो हात-दीड हाताचा आरामात होते, मीटरपर्यंतही जाते. आणि मग घरात मावत नाही म्हणून फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावात सोडलेला, कृपा करून हे कोणी करू नका. तिथले मासे त्याच्यापुढे टिकत नाहीत.

२१ जून

पाऊस आला आणि पंख्यांचा उपयोग संपला. हवा ओली झाली की कूलर जसा चिकचिक करते, तसंच पंख्यांचं, पाणी उडतच नाही. पण बाहेरच उतरलं म्हणून पाणी आपोआप २८. पंखे बंद केले, उडणारं पाणी रोजचं एक लिटरवर आलं. झाकण परत घट्ट लावलं, कारण हवेत गारवा आला की हा रात्री जोरात फिरते आणि फटीतून उडी मारू शकते. दोन्ही पंख्यांच्या भोकांना जाळी लावली.

९ जुलै

पाणी २७. साडेनऊ इंच, पट्टी पाइपाला लावून मोजला. शेपटीवरचे दोन्ही पांढरे पट्टे स्वच्छ, डोक्यावरची रेघही. इकचा एकही दाणा नाही, दोन महिने झाले. वायर टाकली, आईने पेटीवर बोट ठेवलं, काळी पाच.

आता सहा फुटी टँकचं ठरवलंय, सहा बाय दोन बाय दोन. हा दीड फुटापर्यंत जाऊ शकते आणि दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये त्याला वळताच येणार नाही, नाइफला लांबीपेक्षा रुंदीच आधी कमी पडते. भरल्यावर पाणीच साडेसहाशे किलोच्या वर, काच-स्टँड-वाळू धरून आठशेच्या पुढे, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. शेजारचे काका बांधकाम विभागातून रिटायर झाले, त्यांनी काल येऊन बीम कुठून जाते ते दाखवलं, खडूने भिंतीवर खूण करून गेले. स्टँड त्या खुणेला समांतर, भिंतीला चिकटून. काच बारा एमएमची सांगितली आहे. दिवाळीपर्यंत बसला तर हिवाळ्यात सायकल, म्हणजे फिल्टरमध्ये जिवाणू रुजणं, पूर्ण करून फेब्रुवारीत काळूला हलवायचं, म्हणजे पुढचा मार्च यायच्या आत तो नव्या घरात रुळलेला असेल.