खिडकीत गार झालेले भरीत

जळगाव-भुसावळ महामार्गालगतच्या एका रेस्टॉरंटचे स्वयंपाकघर मी सांभाळतो. हिवाळ्यात आमच्याकडे येणारी बहुतेक मंडळी भरितासाठीच येतात. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची भरताची वांगी आम्ही मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजतो, लाकडी मुसळाने ठेचतो आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व पातीचा कांदा घालून फोडणी देतो. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असते. ही भाकरी तव्यावरून उतरताच खायची असते. थोडा वेळ गेला तरी ती ताठरते.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी रावेरकडचे एक कुटुंब आले होते. म्हातारे वडील, मुलगा, सून आणि नात. ऑर्डरची चिठ्ठी माझ्याकडे आली तेव्हा त्यांना बसून बराच वेळ झाला होता आणि टेबलावर पाण्याचा पेलाही नव्हता. मी तातडीने भरीत, शेवभाजी आणि भाकऱ्या काढून ताटे बाहेर देण्याच्या खिडकीत ठेवल्या आणि घंटी वाजवली, परंतु कोणीही ताटे उचलली नाहीत. कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आणि दोन्ही वेटर मालकांच्या ओळखीच्या मंडळींभोवती उभे होते आणि मुलाने दोनदा हात वर केला तरी त्यांच्यापैकी एकानेही मान वळवली नाही. मी पुन्हा घंटी वाजवली. भरितावरचे तेल बाजूला सुटू लागले होते.

अखेर ताटे गेली. वडिलांनी भाकरी मोडायला घेतली, ती चटकन तुटेना, म्हणून त्यांनी दोन्ही हात लावले. एवढे मला खिडकीतून स्पष्ट दिसले आणि मनाला फार लागले. नातीने कांदा मागितला, तर वेटरने चालता चालताच "वेगळे पैसे पडतील" असे सांगितले. मी बाहेर जाऊन म्हणालो, "बाबा, दुसऱ्या भाकऱ्या टाकतो, पाच मिनिटं थांबा." ते शांतपणे म्हणाले, "राहू द्या भाऊ, भरीत चांगलं होतं, पण आता भूकच मेली."

त्यानंतर बिलात सेवाशुल्क लावलेले निघाले. मुलाने विचारताच काउंटरवरून "ते सगळ्यांनाच द्यावं लागतं" असे उत्तर मिळाले. हे साफ खोटे होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, ते देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना कायम ठेवल्या. मुलाला हे ठाऊक होते. तो 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावू लागला, तेव्हा कुठे कॅप्टन धावत आला आणि बिल बदलून मिळाले. जी सेवा मिळालीच नाही तिचेच पैसे त्या माणसांकडे मागितले गेले, याचा मला आजही संताप येतो.

रात्री मालक म्हणाले, रविवारची गर्दी होती, असे व्हायचेच. मला ते पटले नाही. गर्दी असती तर मी समजून घेतले असते. वेटर मोकळे होते आणि एकाच टेबलाजवळ उभे होते. मी मालकांना स्पष्ट सांगितले की ताट उचलायला माणूस खिडकीपाशी उभा असल्याशिवाय मी भाकरी तव्यावर टाकणार नाही. त्यांनी नाराजीनेच मान्य केले, आणि दुसऱ्या दिवसापासून एक वेटर फक्त खिडकीसाठी नेमला गेला.