टॉवेलवरचा निळा ठिपका आणि माझा ईसीसी रॅमचा शोध

गेल्या मार्चमध्ये अण्णांनी नमुन्याचा टॉवेल खिडकीपाशी धरला आणि मोराच्या मानेखाली बोट ठेवलं. "इथं एक धागा चुकलाय." मला ते दिसायलाच वेळ लागला. पांढऱ्यात एकच निळा ठिपका होता, आणि पुढच्या प्रत्येक मोरात त्याच जागी तोच. अण्णांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी तीस वर्षं जॅकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाची, भोकांची कार्डं पंच केली. एक भोक चुकलं की चूक सगळ्या कापडावर उमटत जाते, हे त्यांना कुणी सांगायला नको. पण आता मागाला कार्ड लागत नाही, नक्षीच्या चित्राची बीएमपी फाइल लागते. "फाइलीला हात कुणी लावला?" त्यांनी विचारलं. कुणीच लावला नव्हता.

जुन्या डिस्कवर त्याच फाइलीची आधीची प्रत होती. दोन्ही प्रती बाइटला बाइट लावून पाहिल्या तर फरक एकाच ठिकाणी: रंग क्रमांक ३ चा ७ झाला होता. द्विमान पद्धतीत लिहिलं तर ०११ चं १११, म्हणजे एकच बिट, शून्य किंवा एकचा एकच अंक, उलटलेला. मग बाकीच्या सगळ्या डिझाइनची तुलना केली. आणखी अकरा फाइलींत असाच फरक निघाला. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला आणि सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. रॅमची एक स्टिक खराब होती. जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर प्रती करताना डेटा त्या स्टिकमधून गेला आणि वाटेत बिघडला. डिस्कने तिच्याकडे जे आलं ते प्रामाणिकपणे जपून ठेवलं.

स्टिक बदलून भागलं असतं. पण ती किती महिने बिघडलेली होती हे मला सांगता येईना, आणि तेच मनाला लागलं. संगणक एकदाही अडखळला नाही, बंद पडला नाही. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथल्या मतदानात एका उमेदवाराला अचानक ४०९६ मतं जास्त मिळाली होती. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, तेराव्या जागेवरचा एक बिट उलटला की नेमकी तेवढीच भर पडते. त्या उमेदवाराला मिळू शकतील त्याहून मतं जास्त दिसली म्हणून ते उघड झालं. आमचा ठिपका अण्णांच्या नजरेमुळे उघड झाला. तेव्हाच ठरवलं की डिझाइन जपायचा घरचा सर्व्हर ईसीसीवरच, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणाऱ्या रॅमवरच उभा करायचा.

ईसीसीची मूळ कल्पना साधी आहे. दर ६४ बिटांसोबत ८ तपासणीचे बिट साठवायचे. वाचताना हिशोब जुळला नाही तर एक चुकलेला बिट जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान तसं कळवलं जातं. म्हणून अशा स्टिकवर एका रांगेत आठऐवजी नऊ चिप दिसतात. पण नुसती स्टिक आणून उपयोग नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तिघांचंही एकमत लागतं. एकाने नकार दिला तर बऱ्याचदा संगणक सुरळीत चालू होतो, फक्त ते आठ बिट कुणी वाचत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण पैसे ईसीसीचे मोजलेले असतात आणि समाधानही ईसीसीचंच असतं.

नवी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुकानदारांनी आधी वेगळाच सल्ला दिला. "सर, डीडीआर५ घ्या की, त्यात ईसीसी आतच असतंय." डीडीआर५ ही रॅमची नवी पिढी, डीडीआर४ त्याआधीची. ते फसवत नव्हते, खोक्यावर तसं वाचलं होतं त्यांनी. डीडीआर५च्या प्रत्येक चिपच्या पोटात स्वतःपुरती दुरुस्ती असते हे खरं आहे, पण चिपमधून बाहेर पडून प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या डेटाला तिचं संरक्षण नाही, आणि काय दुरुस्त झालं ते संगणकाला कळतही नाही. खऱ्या ईसीसीसाठी डीडीआर५मध्येही वेगळी स्टिक लागते.

इंटेलचा रस्ता मी आधी तपासला. आय३-९१०० सारखे जुने आय३ प्रोसेसर ईसीसी चालवतात, पण सर्व्हरसाठीच्या सी२४६ सारख्या चिपसेटवर, म्हणजे बोर्डावरच्या जोडचिपवर. घरगुती बोर्डावर नाही. पुढच्या पिढीच्या आय३-१०१०० मध्ये ती सोय काढून टाकली. बाराव्या पिढीपासून बऱ्याच आय५, आय७ मध्ये ती आली, पण त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड हवा. तो सोलापुरात कुणी ठेवत नव्हतं, आणि मागवायचा तर बोर्डाचीच किंमत प्रोसेसरला मागे टाकत होती.

म्हणून एएमडी. इथेही एक खाच आहे, आणि मी तिच्यात पडता पडता वाचलो. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर पडून होता, तोच वापरायचा विचार होता. पण आत ग्राफिक्स असलेल्या या 'जी' प्रोसेसरांत ईसीसी फक्त 'प्रो' नावाच्या आवृत्त्यांत चालू असतं. साध्या ५६०० मध्ये ते चालतं, पण त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं कार्ड आणि चोवीस तासांची जास्तीची वीज. शेवटी रायझन ५ प्रो ४६५०जी वापरलेला मिळाला. बोर्ड निवडताना जाहिरातीवर न जाता उत्पादकाच्या तपशिलाचं पान शब्द न् शब्द वाचलं. काही बोर्डांवर लिहिलेलं असतं की ईसीसी स्टिक चालेल, पण 'नॉन-ईसीसी मोड'मध्ये. त्याचा अर्थ नाहीच. अ‍ॅसरॉकच्या बी५५०एम प्रो४ च्या पानावर ईसीसी स्पष्ट होतं, आणि खाली तळटीपेत या पिढीसाठी फक्त 'प्रो' प्रोसेसर अशी अटही होती. अट लिहिलेली पाहून माझा विश्वास उलट वाढला.

रॅममध्ये मात्र आठवडा गेला. जुन्या सर्व्हरचा माल विकणाऱ्या एकाने 'ईसीसी, डेस्कटॉपला चालेल' म्हणून स्टिक पाठवल्या. खाचेत नीट बसल्या, पंखे फिरले, पडदा काळाच. त्या रजिस्टर्ड, म्हणजे मधे एक वेगळी चिप असलेल्या सर्व्हरच्या स्टिक होत्या; डेस्कटॉपला अशी चिप नसलेली अनबफर्ड स्टिक लागते. डीडीआर४मध्ये रजिस्टर्ड आणि अनबफर्ड स्टिकची खाच एकाच जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिकही आत जाते. ओळखायचं ते लेबलवरून: पीसी४-२६६६व्ही नंतर आर असेल तर रजिस्टर्ड, यू असेल तर साधी, आणि ई असेल तर आपल्याला हवी ती अनबफर्ड ईसीसी. आता मी विकणाऱ्याकडून आधी लेबलचा फोटो मागवतो. १६ जीबीच्या दोन ई स्टिक पुण्याहून आल्या. साध्या स्टिकच्या जवळजवळ दुप्पट पैसे गेले आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, 'डीरॅम ईसीसी एनेबल' ही सेटिंग 'ऑटो'वर होती, ती हाताने चालू केली. लिनक्समध्ये हार्डवेअरची माहिती देणाऱ्या डीएमआयडीकोडने रॅमची एकूण रुंदी ७२ आणि डेटाची ६४ दाखवली. पण हे बायॉसचं म्हणणं झालं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत रॅमच्या चुका मोजणारा ईडीएसी ड्रायव्हर चढलेला दिसला तेव्हा बरं वाटलं, तरी चूक खरंच पकडली जाते का हे पाहिल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. सगळ्या डिस्क काढून ठेवल्या, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि रॅमचा वेग तिच्या मर्यादेपेक्षा थोडा थोडा वाढवत गेलो. मे महिन्याची दुपार, बाहेर बेचाळीस अंश, खोलीत फक्त पंखा. तिसऱ्या पायरीवर दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा शून्यावरून एकवर गेला, मग चारवर. दुरुस्त न झालेल्यांचा शून्यच राहिला. मी अण्णांना हाक मारून तो आकडा दाखवला. वेग पुन्हा जागेवर आणला, अशा चुकांची नोंद ठेवणारा रासडेमन बसवला, डिस्क जोडल्या. लाइट गेली की अर्धवट लिहिलेल्या फाइलीचं रक्षण ईसीसी करत नाही, म्हणून यूपीएसही घेतला.

राहिला त्या अकरा फाइलींचा प्रश्न. दोन प्रती, फरक एका ठिपक्याचा, पण फुलांच्या दाट नक्षीत त्यातला खरा कुठला हे डोळ्याला कळेना. जुनी डिस्कसुद्धा कधीतरी त्याच संगणकावर भरलेली होती. अण्णा उठले आणि माळ्यावरून दोरीने बांधलेले कार्डांचे गठ्ठे काढायला लावले. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा, भोक म्हणजे उचललेला उभा धागा. मी पडद्यावरच्या ओळीचा क्रमांक सांगायचो, ते त्या क्रमांकाचं कार्ड उजेडात धरून भोकं मोजायचे. दोन रविवार लागले. आठ डिझाइनचा निकाल लागला. त्यातल्या एकात जुनी प्रतच चुकलेली होती. तीन डिझाइनची कार्डं सापडली नाहीत. त्यांच्या दोन्ही प्रती सर्व्हरवर ठेवल्या आहेत. अण्णा म्हणतात, दोन्ही विणून बघू, कापडावर कळेल.